गोल्डनडूडल घ्यायचंय, पण मुलीला ॲलर्जी आहे आणि घरात केस नकोत

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडला टू बीएचके, नवराबायको दोघंही नोकरीवर, घरी सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. मुलीला धुळीची आणि कुत्र्याची ॲलर्जी निघालीय, अधूनमधून इन्हेलर लागतो, पण कुत्रा तिला हवाच आहे. सासूबाईंची एकच अट, घरात केस उडता कामा नयेत. एका ब्रीडरने गोल्डनडूडलचं, म्हणजे गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांच्या मिश्रणाचं, पिल्लू दाखवलंय, एफ वन म्हणजे पहिल्या पिढीचं आहे, केस शंभर टक्के गळत नाहीत आणि ॲलर्जी तर होतच नाही असं सांगितलंय, आणि रविवारपर्यंत ॲडव्हान्स मागितलाय. पाठवू का?

नका पाठवू. निदान या रविवारी तरी नाही. कुत्रा घेऊच नका असं मी म्हणत नाहीये, पण त्याआधी करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत आणि त्या पिल्लू घरी आल्यावर करता येत नाहीत.

मी पुण्यात बरीच वर्षं कुत्र्यांचं ग्रूमिंग, म्हणजे विंचरणं, आंघोळ, केस कापणं, करतेय, डूडल, कॉकापू, माल्टीपू, शिहपू अशी पूडलची मिश्रणं आता रोजच टेबलवर असतात, आणि माझ्या घरीही एक लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडलचं मिश्रण असलेली, कुत्री आहे. या कुत्र्यांवर माझा जीव आहे. हुशार असतात, माणसांत रमतात, शिकवलेलं पटकन उचलतात. पण ज्या दोन गोष्टी सांगून ती विकली जातात त्यातली ॲलर्जीची गोष्ट खरी नाही, आणि केसांची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. म्हणून जरा मोठं लिहितेय, वेळ काढून वाचा.

आधी ॲलर्जी, कारण इथे मुलीच्या श्वासाचा प्रश्न आहे. कुत्र्याची ॲलर्जी केसांमुळे होत नाही. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रोटीन्स असतात, त्यांच्यामुळे होते. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, मग कोंड्याबरोबर त्याचे अगदी बारीक कण हवेत जातात, गादीत, पडद्यात, सोफ्यात जाऊन बसतात आणि कुत्रा घरातून गेला तरी कित्येक महिने तिथेच असतात. केस गळत नाहीत म्हणून कुत्रा चाटायचा थांबत नाही आणि कोंडाही पडायचा थांबत नाही. पूडल असो, डूडल असो, लॅब असो की आपलं गावठी, ही प्रोटीन्स सगळ्यांतच असतात.

हे मोजून बघितलेलं आहे. नेदरलँड्समधला 2012 साली छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात कॅन एफ 1 नावाचं कुत्र्याचं मुख्य ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारं प्रोटीन, वेगवेगळ्या जातींच्या केसांत आणि त्यांच्या घरांत मोजलं. ज्या जाती ॲलर्जीवाल्यांना चालतात असं सांगितलं जातं, त्यांच्याच केसांत ते जास्त सापडलं! लॅब्राडूडलच्या घरातल्या जमिनीवरच्या धुळीत ते थोडं कमी होतं हे खरं, पण हवेत मोजलं तेव्हा जातीजातींत काही फरक दिसला नाही, आणि एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांत जेवढा फरक होता तेवढा दोन जातींतही नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या लोकांनी घरांमधली धूळ तपासली, त्यांनाही अशा कुत्र्यांच्या घरात ॲलर्जन कमी आढळलं नाही. ब्रीडर खोटंच बोलतोय असं नाही, त्याला स्वतःलाही तसं वाटत असेल, पण त्याच्या वाटण्यावर मुलीचा दमा सोडू नका.

यातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे, जात बघू नका, तो एक कुत्रा बघा. लॅब्राडूडलची सुरुवातच याची साक्ष आहे. ऑस्ट्रेलियात गाइड डॉग्सच्या, म्हणजे अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या, संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ ब्रीडिंग बघायचे. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना गाइड डॉग हवा होता पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. कॉनरननी आधी बरेच पूडल वापरून बघितले, ते काही गाइडच्या कामाला उतरले नाहीत, शेवटी 1989 च्या सुमारास लॅब आणि स्टँडर्ड म्हणजे मोठ्या आकाराचा पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, आणि त्या नवऱ्याला तिघांपैकी एकाचंच चाललं. एकाच आईबापाची, एकाच वेळची तीन पिल्लं, त्यातली दोन नापास. तो पास झालेला सुलतान पुढे हवाईला गेला आणि त्याच्यावरून जगभर डूडलचं वेड पसरलं, पण नमुना पाठवून आधी तपासायचं, ही त्यातली खरी शहाणपणाची गोष्ट तेवढी मागे राहून गेली. कॉनरननी पुढे जाहीरपणे खेदही व्यक्त केला, कारण कोणीही उठून कशाही कुत्र्यांच्या जोड्या लावायला लागलं.

तर तुम्ही काय करायचं. मुलीच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा आणि नुसतं कुत्रा पॉझिटिव्ह एवढ्यावर थांबू नका, नेमक्या कुठल्या प्रोटीनची ॲलर्जी आहे हे रक्ताच्या तपासणीत कळतं का ते विचारा. कॅन एफ 5 म्हणून एक प्रोटीन आहे, ते नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काही जणांना फक्त त्याचीच ॲलर्जी असते, अशांना मादी किंवा नसबंदी केलेला नर चालू शकतो, मग जात कुठलीही असो. म्हणजे तुमच्या बाबतीत डूडल की नाही यापेक्षा नर की मादी हाच प्रश्न मोठा निघू शकतो, आणि तो ब्रीडर सांगणार नाही, डॉक्टरच सांगतील. आणि दमा आटोक्यात नसेल, डॉक्टरांनी नको म्हटलं, तर मग नकोच, तिथे माझं किंवा आणखी कोणाचं ऐकू नका.

डॉक्टर हो म्हणाले तर पुढची पायरी म्हणजे मोठ्या झालेल्या डूडलच्या घरी जाऊन बसायचं. पिल्लाकडे नाही, मोठ्याकडे. पंधरा मिनिटं कुशीत घेऊन काही झालं नाही, चला घेऊन टाकू, असं होतं आणि मग महिन्याभराने रात्री खोकला सुरू होतो. वेगवेगळ्या दिवशी जा, दर वेळी दोन-तीन तास बसा, मुलीला त्याच्याशी खेळू द्या, हाताला चाटू द्या, सोफ्यावर लोळू द्या, आणि त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी डोळे, नाक, छाती, अंगावर पित्त उठतंय का हे बघा. इन्हेलर सोबत ठेवा, डॉक्टरांना आधी सांगून जा.

आता एक अडचण सांगते जी फारशी कोणी सांगत नाही. कुत्र्याला आठवड्यातून दोनदा आंघोळ घातली तर अंगावरचं ॲलर्जन कमी राहतं, त्यापेक्षा कमी वेळा घातली तर ते दोन-चार दिवसांत पुन्हा होतं तेवढं होतं. लॅबला आठवड्यातून दोनदा आंघोळ घालणं कटकटीचं असलं तरी सोपं आहे, पुसला की तासाभरात वाळतो. डूडलला प्रत्येक आंघोळीच्या आधी पूर्ण विंचरावं लागतं आणि नंतर ब्लोअरने मुळापर्यंत वाळवावं लागतं, नाहीतर जटा होतात. म्हणजे ज्या उपायाने ॲलर्जी थोडी आवाक्यात येते तोच उपाय या कुत्र्याला सगळ्यात जास्त वेळ खातो. हे दोन्ही जमवायचं असेल तर कोट, म्हणजे अंगावरचे केस, कायम आखूड ठेवावा लागतो, टेडी बेअरचा फोटो बघून घेतलेला असला तरी.

आता सासूबाईंची अट, केस. ब्रीडर एफ वन म्हणतोय, म्हणजे एक पालक शुद्ध गोल्डन आणि एक शुद्ध पूडल. कुत्र्यांच्या कोटचे बहुतेक प्रकार मुख्यतः तीन जीन्सच्या जुळणीतून होतात हे 2009 साली संशोधकांनी दाखवलं, एक केसांच्या लांबीचा, एक कुरळेपणाचा आणि एक दाढी-मिशा-भुवयांचा. तोंडावर दाढी-मिशा असणाऱ्या कुत्र्यांचे केस साधारण कमी गळतात. गळण्यावर असर करणारा आणखीही एक जीन आहे. एफ वनला प्रत्येक गोष्टीची एक प्रत पूडलकडून आणि एक गोल्डनकडून मिळते, त्यामुळे बहुतेक एफ वन डूडल कमी गळतात पण गळतात, काही अगदी थोडे, काही चांगलेच. एफ वन बी म्हणजे एफ वनची पुन्हा पूडलशी जोडी, त्यात गळणं आणखी कमी व्हायची शक्यता वाढते, पण कोट जास्त कुरळा आणि सांभाळायला जास्त अवघड. आणि एफ टू, म्हणजे आईबाप दोघंही एफ वन, यात साधारण चारात एक पिल्लू दाढीशिवाय निघू शकतं, तोंड गुळगुळीत गोल्डनचं आणि केसही गोल्डनसारखेच घरभर. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की तोंड नीट बघा, नाकाच्या वर आणि हनुवटीखाली केस वाढायला लागलेले दिसले पाहिजेत, तोंड साफ गुळगुळीत असेल तर ते गळणार. शंभर टक्के गळत नाही असं एफ वनच्या पिल्लाबद्दल कोणीच सांगू शकत नाही, कारण त्या वयात अंगावर असतो तो पिल्लाचा कोट, मोठेपणीचा अजून यायचाच असतो.

आणि समजा नशिबाने अगदीच न गळणारं पिल्लू मिळालं, तर? तर तो केस जातो कुठे? कुठेच नाही, कुत्र्याच्या अंगावरच राहतो. प्रत्येक केसाचं आयुष्य संपलं की तो सुटतोच, लॅबचा सुटला की फरशीवर पडतो, डूडलचा सुटला की शेजारच्या कुरळ्या केसांत अडकतो. तिथे अजून चार अडकतात, वर ओलावा, वर पट्ट्याचं घर्षण, आणि झाली जट. केर काढायचं काम वाचतं ते विंचरायच्या कामात जातं, आणि केर मावशी काढून देतात, कुत्रा विंचरायला घरातलंच माणूस लागतं. कमी गळणारा कुत्रा घ्यायचा की नाही याचा सगळा निर्णय माझ्या मते या एका गोष्टीवर आहे, की घरातलं कोण, कुठल्या वेळी, रोज बसणार.

पहिले काही महिने फार सोपे जातात. पिल्लाचा कोट मऊ असतो, गुंतत नाही, लोकांना वाटतं उगाच घाबरवलं. साधारण सहा-सात महिन्यांपासून पुढे वर्ष-सव्वा वर्षापर्यंत कोट बदलतो, जुने मऊ केस सुटत असतात आणि नवे दाट कुरळे येत असतात, दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि आदल्या आठवड्यात व्यवस्थित असलेला कुत्रा पुढच्या आठवड्यात कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी, पट्ट्याखाली घट्ट जटांनी भरलेला असतो. याच वयात माझ्याकडे सगळ्यात जास्त डूडल वाईट अवस्थेत येतात. मालक सांगतात, आम्ही रोज ब्रश करतो हो, आणि ते खरंही असतं, पण वरवर भांग पाडावा तसा ब्रश फिरवलेला असतो, वरचे दोन इंच मोकळे आणि कातडीलगत सगळा नमदा. जट कातडी ओढते, कुत्र्याला चालताना दुखतं, खाली हवा लागत नाही, कातडी लाल होते, चिघळते, आत गोचीड बसलेली असते. तेव्हा विंचरून सोडवणं म्हणजे कुत्र्याचे हाल, मग मशीनने कातडीलगत काढावंच लागतं. मालकिणी रडतात, मला समजतं, पण अशा वेळी केसांपेक्षा कुत्रा महत्त्वाचा. कानावरची जट तर फार जपून काढावी लागते, ती निघाल्यावर कुत्रा जोरजोरात डोकं झटकतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं.

विंचरायची पद्धत सांगते, ही एवढी शिकलात तर अर्धी लढाई जिंकली. दोन वस्तू लागतात, एक चांगला, बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि एक स्टीलचा कंगवा, ज्याचे अर्धे दाते विरळ आणि अर्धे दाट असतात. कुत्र्याला कुशीवर झोपवायचं, एका हाताने केस वर धरायचे की खाली कातडीची एक रेघ दिसेल, त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली घेत ब्रश करायचा, मग बोटभर वर पुढची रेघ. पायापासून सुरू करून वर जायचं. कोरड्या केसांवर नको, कंडिशनर घातलेल्या पाण्याचा किंवा डिटँगलिंग स्प्रेचा हलका फवारा मारून. मनगट हलकं ठेवा, एकाच जागी घासत राहिलं तर स्लिकरच्या तारांनी कातडी सोलवटते. एक भाग झाला की कंगवा मुळापासून टोकापर्यंत घालून बघायचा, न अडकता गेला तरच तो भाग झाला असं समजायचं. कंगवा अडकतो तिथे गाठ आहे, ती बोटांनी उकलून, टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी सोडवायची. घरी कात्रीने जट कापायला जाऊ नका, जटेबरोबर कातडी वर ओढलेली असते, ती दिसत नाही आणि कापली जाते, टाके घालायला व्हेटकडे धावावं लागतं. आणि गुंता असलेल्या कुत्र्याला आंघोळ कधीच घालू नका, पाण्याने जट आवळते. आधी विंचरणं, मग आंघोळ, मग ब्लोअर. घरातला हेअर ड्रायर वापरायचा तर थंड किंवा अगदी कोमट हवेवर.

मोठ्या गोल्डनडूडलला कोट मध्यम ठेवला तर एक दिवसाआड अर्धा तास धरा, कोट बदलताना रोज. शिवाय दर सहा आठवड्यांनी ग्रूमर, पावसाळ्यात चारच आठवड्यांनी. मोठ्या डूडलचं पूर्ण ग्रूमिंग पुण्यात साधारण 2 ते 3 हजारांच्या घरात जातं, जटा असल्या तर जास्त, आणि हा खर्च कुत्रा म्हातारा होईपर्यंत आहे, म्हणजे बारा-तेरा वर्षं. पिल्लाच्या किमतीचा विचार सगळे करतात, याचा कोणी करत नाही. विंचरणं जमणारच नसेल तर सरळ सांगा आणि कोट अर्धा-पाऊण इंच ठेवा, वाईट काहीच नाही त्यात, माझ्या स्वतःच्या कुत्रीचा तेवढाच असतो. गोल्डन किंवा हस्कीसारख्या दुहेरी कोटच्या, म्हणजे वर लांब आणि आत मऊ दाट केस असलेल्या, कुत्र्यांना मशीन मारू नये हे बरोबर आहे, डूडलचा कोट मात्र सारखा वाढत राहतो, तो कापायलाच लागतो. फक्त उन्हाळ्यात अगदी कातडीपर्यंत काढू नका, ऊन लागतं.

पिल्लाला सवय पहिल्या दिवसापासून लावा. रोज दोन मिनिटं पंजे हातात घ्या, कान उघडून बघा, ओठ वर करून दात बघा, ब्रश नुसता टेकवा आणि लगेच खाऊ द्या. ड्रायर लांब चालू ठेवून त्याला जेवू घाला. लसी पूर्ण झाल्या की साडेतीन-चार महिन्यांचा असतानाच ग्रूमरकडे नुसती ओळख करायला न्या, नखं आणि तोंडावरचे केस एवढंच. दहाव्या महिन्यात पहिल्यांदा, ते पण जटा घेऊन येणारा कुत्रा आयुष्यभर टेबलला घाबरतो, आणि त्याचा दोष कुत्र्याचा नसतो.

आपल्याकडचा पावसाळा हा या कुत्र्यांचा सगळ्यात कठीण काळ. चार महिने हवेत दमटपणा, कोट आतून वाळतच नाही, यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी वाढते, कुत्र्याला आंबट वास यायला लागतो, तो पंजे चाटत बसतो आणि लाळेने पांढरे केस तांबूस होतात. फिरून आल्यावर नुसतं फडक्याने पुसून भागत नाही, पंजे, पोट आणि काखा ब्लोअरने वाळवा, बोटांच्या मधले केस आखूड ठेवा. कान लोंबते आणि आतून केसाळ, हवा खेळत नाही, दर आठवड्याला उघडून वास घ्या, वास आला, काळपट मळ दिसला, कुत्रा डोकं झटकायला लागला की व्हेटकडे. इअरबड आत घालू नका, आणि कानातले केस सरसकट उपटायचीही गरज नसते, व्हेटने सांगितलं तरच. साचलेल्या पाण्यातून चालायला आणि ते प्यायला देऊ नका, लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराची, लस पावसाळ्याआधी झालेली पाहिजे.

गोचीड. आखूड केसांच्या कुत्र्यावर गोचीड डोळ्यांना दिसते, डूडलवर हात फिरवूनही लागत नाही. गोचिडीमुळे होणारा ताप, एर्लिकिया आणि बेबेसिया, आपल्याकडे भरपूर आहे आणि वेळेत कळला नाही तर कुत्रा जातो. व्हेटकडून वजनानुसार गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वर्षभर चालू ठेवा, फक्त पावसाळ्यात नको. विंचरताना कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली बघत जा. खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, यातलं काहीही दिसलं तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

दाढीबद्दल तर कोणी बोलतच नाही. पाणी प्यायला की दाढीतून घरभर थेंब, जेवलं की दाढीत भात, दोन दिवस तसंच राहिलं की वास. रोज रात्री ओल्या फडक्याने पुसायची, तोंडावरचे केस आखूड ठेवायचे, एवढं केलं की प्रश्न मिटतो. सासूबाईंना हे आधीच सांगा. केस नाही उडाले तरी फरशीवर पाणी आणि पंजांचा चिखल असणार.

व्यायामाचं मी थोडक्यात सांगते. गोल्डन शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणणारा आणि पूडल मुळात पाण्यातून शिकार आणणारा, दोघंही कामाचे कुत्रे. यांचं पिल्लू दिवसभर बाल्कनीत बसून राहणार नाही. मोठ्या आकाराचं असेल तर पंचवीस-तीस किलोपर्यंत जातं, सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास फिरणं-खेळणं आणि वर डोक्याला काम. तुम्ही दोघं ऑफिसला, मुलगी शाळेत, म्हणजे दुपारभर तो सासूबाईंकडे. त्यांना ओढून पाडेल एवढा कुत्रा त्यांच्या मर्जीविरुद्ध घरात आणू नका, त्यांनी स्वतःहून हो म्हटलं पाहिजे.

मिश्रण असलं की आजार होत नाहीत, हेही ब्रीडर सांगेल. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2024 साली लॅब्राडूडल, कॉकापू आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, बहुतेक आजारांच्या बाबतीत फरक दिसला नाही. जास्त आजारी नाहीत आणि जास्त ठणठणीतही नाहीत. म्हणून आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी मागा, लहान आकाराच्या पूडलचं पिल्लू असेल तर गुडघ्याची वाटी सरकते का तेही. केनेल क्लब ऑफ इंडिया मिश्र जातीची नोंदणी करत नाही, तेव्हा डूडलसोबत केसीआय पेपर देतो म्हणाला तर तिथेच थांबा, पेपर असलेच तर आईबापांचे असतील, त्यांचे दाखवा म्हणा. आईबाप इम्पोर्टेड आहेत म्हणाला तरी कागद मागा, कारण 2016 साली विक्रीच्या ब्रीडिंगसाठी परदेशातून कुत्रे आणायला बंदी घातली गेली होती. आणि 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. जिथे पिल्लं वाढली तिथे जाऊन आई बघायला मिळत नसेल, रस्त्यात कुठेतरी भेटून पिल्लू देतो म्हणत असेल, तर कितीही गोड पिल्लू असलं तरी परत फिरा.

आता तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं. मी पिल्लू घेतलंच नसतं, एक-दीड वर्षाचा डूडल शोधला असता. कोट बदलताना जे लोक थकतात ते याच वयाचे कुत्रे देऊन टाकतात, माझ्याच ओळखीत असे कुत्रे अधूनमधून निघतात, व्हेट आणि ग्रूमर यांना सांगून ठेवा, पुण्यात-मुंबईत दत्तक देणाऱ्या लोकांनाही कळवा. अशा कुत्र्याचा कोट समोर दिसतो, गळतो की नाही ते सोफ्यावर हात फिरवला की कळतं, स्वभाव कळतो, आणि मुलगी त्याच्यासोबत पाच-सहा वेळा बसू शकते, त्याच कुत्र्यासोबत, त्याच्या कुठल्या लांबच्या भावंडासोबत नाही. सुलतानला हवाईला पाठवण्याआधी जे केलं ते तुम्हाला फक्त याच मार्गाने करता येतं. घरी आणल्यावरही मुलीची खोली कुत्र्याला कायम बंद, तिच्या पलंगावर कधीच नाही, जाड पडदे आणि गालिचे काढून टाका, अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम घ्या, आणि विंचरण्याचं काम मुलीकडे अजिबात नको, ते गॅलरीत, मोठ्या माणसाने, नंतर हात धुवून. देणाऱ्या माणसाशी आधीच लेखी ठरवा की महिन्या-दोन महिन्यांत मुलीला त्रास झाला तर तो परत घेईल.

ब्रीडरला या आठवड्यात एवढंच विचारा, याच जोडीच्या आधीच्या पिल्लांपैकी आता वर्षाच्या वर असलेला एखादा कुत्रा पुण्यात कोणाकडे आहे का, आणि त्या घरी आम्हाला मुलीला घेऊन जाता येईल का. चांगला ब्रीडर त्या लोकांशी गाठ घालून देतो. डॉक्टरांचं काय म्हणणं पडलं आणि त्या घरी मुलीला कसं वाटलं ते कळवा, आकार मिनी की मोठा, कोट किती ठेवायचा आणि दुपारी कोण बघणार हे त्यावरून बसून ठरवू.